बेटी डेव्हिसला गाता येत होतं का?

प्रश्न असा आहे: "फंक या अमेरिकी संगीतप्रकारातली आद्य गायिका-गीतकार म्हणून बेटी डेव्हिसचं नाव सारखं वाचनात येतं. उत्सुकतेने ऐकलं तर आवाज चिरका, निम्मा वेळ ती गातेय की ओरडतेय कळत नाही. सत्तरच्या दशकात अल्बम तीनच, त्यातला एकही गाजला नाही. मग हे कौतुक खरं आहे, की जॅझमधल्या बड्या ट्रम्पेटवादकाची, माइल्स डेव्हिसची बायको होती म्हणून?"

मी गेली २८ वर्षं बेस गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रात वाजवली, लग्नाच्या रिसेप्शनला वाजवली, स्टुडिओत वाजवली, आणि आता पुण्यात मुलांना शिकवतो. तेव्हा उत्तर एका बेसवाल्याचं आहे हे धरूनच वाचा. आवाजाबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ती अरीथा फ्रँकलिन नव्हती, आणि स्वतःला मोठी गायिका मानतही नव्हती. पण तुम्ही कान भलत्या जागी लावला आहे. बेटी डेव्हिस ऐकायची ती आधी चाल बांधणारी म्हणून. गळा हे तिच्या हातातल्या वाद्यांपैकी एक, आणि ते तिने मुद्दाम तसं वाजवलं.

आधी एक घोळ मिटवतो. शोधायला गेलात तर जुन्या हॉलिवूडची अभिनेत्री बेटी डेव्हिस समोर येईल. ती वेगळी, तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. आपली बेटी मूळची बेटी मेब्री. जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमचा, १९४४ चा. पुढे वडिलांना पोलादाच्या कारखान्यात काम मिळालं आणि कुटुंब पिट्सबर्गला लागून असलेल्या होमस्टेडला गेलं. पण तिच्या गाण्याचं मूळ होमस्टेडमध्ये नाही, ते आजीच्या शेतावर आहे. तिथे घरात ब्लूजच्या तबकड्या वाजायच्या: एल्मोर जेम्स, जिमी रीड, बी. बी. किंग, जॉन ली हूकर. बाराव्या वर्षी तिने पहिलं गाणं रचलं, प्रेमाचा केक भाजण्याबद्दलचं. 'दे से आय'म डिफरंट' या गाण्यात हे शेत जसंच्या तसं येतं. लोक मला वेगळी म्हणतात, कारण मी उसाचं कांडं आहे, गाभ्यापर्यंत गोड, असं ती सुरुवातीलाच सांगते. मग तिची पणजी तपकिरीची पिंक टाकत एल्मोर जेम्सवर नाचते, आणि सकाळी डुकरांना खायला घालायची वेळ होते तेव्हा डुकरंही जॉन ली हूकरवर डोलतात. हे गाणं वर्गात लावलं की इंग्रजीला घाबरणारी मुलंसुद्धा हसतात. ऊस आणि पिंक समजवावी लागत नाही.

किशोरवयातच ती न्यूयॉर्कला गेली, फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकली, मॉडेलिंग केलं, 'सेव्हन्टीन', 'एबनी' अशा मासिकांत झळकली. १९६४ मध्ये पहिली तबकडी निघाली. पण 'बायको होती म्हणून' या शंकेचं उत्तर १९६७ मध्ये आहे. त्या वर्षी चेंबर्स ब्रदर्स या बँडच्या 'द टाइम हॅज कम' या अल्बमवर 'अपटाउन' नावाचं गाणं आलं, हार्लेमला चाललोय म्हणून सांगणारं. ते बेटी मेब्रीने लिहिलेलं. माइल्सशी तिचं लग्न झालं १९६८ च्या सप्टेंबरात. म्हणजे लग्नाआधी वर्षभर ती पैसे घेऊन गाणी देणारी गीतकार होती.

लग्न टिकलं साधारण वर्षभर. त्या वर्षात कोणी कोणाला काय दिलं याचा हिशेब मांडला तर माइल्सच देणेकरी निघेल. चाळिशी ओलांडलेला, सूट घालणारा माइल्स तिने कातडी जाकिटांत आणि रंगीत शर्टांत आणला. त्याच्या कानावर फंकवाला स्लाय स्टोन घातला, रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स याच्याशी ओळख करून दिली. 'फी द किलिमांजारो' या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचाच चेहरा आहे आणि त्यात 'मादमोझेल मेब्री' नावाची लांबलचक रचना आहे. ती ऐकताना हेंड्रिक्सचं 'द विंड क्राइज मेरी' आठवलं तर तो तुमचा भास नाही. पुढच्याच वर्षी त्याने 'बिचेस ब्रू' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि जॅझचा प्रवाह वळला. हे सगळं एकट्या तिच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, माइल्सचे कान उघडेच होते. पण दार कोणी दाखवलं हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात मान्य केलं आहे.

आता खरी गंमत. मे १९६९ मध्ये माइल्सने तिला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत नेलं. मागे वाजवायला कोण? जॉन मॅक्लॉफ्लिन, हर्बी हॅनकॉक, वेन शॉर्टर, हेंड्रिक्सचा ड्रमर मिच मिचेल, त्याचाच बेसवाला बिली कॉक्स. असा संच जमवायला आज कोणीही घर विकेल. ते ध्वनिमुद्रण पडून राहिलं आणि थेट २०१६ मध्ये बाहेर आलं. मी फार आशेने ऐकलं. आणि काय सांगू, मिळमिळीत आहे. वाजवणारे एकेक दिग्गज, पण प्रत्येक जण मोकळी जागा दिसली की ती भरतोय. जॅझवाल्याची ती सवयच असते, आणि जॅझमध्ये ती शोभते. फंकमध्ये तोच भरणा गाण्याच्या अंगावर येतो. मधे बेटी चाचपडत गाते. तिला स्वतःला काय हवंय ते ठाऊक होतं, पण त्या खोलीत सांगायचा अधिकार तिचा नव्हता.

इथे फंक म्हणजे काय ते दोन ओळींत सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चार मात्रांचं आवर्तन घ्या. प्रत्येक मात्रेचे चार तुकडे करा, म्हणजे सोळा खण झाले. गायक जेम्स ब्राउनने साठच्या दशकाच्या मध्यावर सगळा भार पहिल्या खणावर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर आणून ठेवला. उरलेल्या पंधरांपैकी कोणते रिकामे ठेवायचे यावर फंक ठरतं. ड्रम एका खणात, गिटार दुसऱ्या, बेस तिसऱ्या, आणि कोणीही कोणाच्या खणात पाय ठेवायचा नाही. माझ्याकडे नवीन मुलगा आला की पहिला महिनाभर मी त्याला फक्त सम वाजवायला लावतो आणि बाकी वेळ हात उचलून बसवतो. दोन आठवड्यांत निम्मी मुलं पळतात. उरतात त्यांना पुढे फंक जमतं.

बेटीला कोणतंच वाद्य वाजवता येत नव्हतं, नोटेशन येत नव्हतं. ती प्रत्येक वाद्याचा तुकडा गुणगुणून दाखवायची: बेसने हे वाजवायचं, गिटारने हे, कीबोर्डने इथे थांबायचं. ऐकायला हे भाबडं वाटतं. पण तोंडाने रचलेल्या चालीला एक मोठा फायदा असतो, तिला श्वास घ्यावाच लागतो. बोटं दमत नाहीत, म्हणून बोटांनी रचणारा माणूस थांबायला विसरतो. गुणगुणणाऱ्याला दम घेण्यासाठी थांबावंच लागतं, आणि फंकला हवी असलेली रिकामी जागा नेमकी तिथे पडते. हा माझा तर्क आहे, पण तिच्या कुठल्याही गाण्यातला बेस तोंडाने म्हणून बघा. सहज म्हणता येतो. भल्या भल्या बेसवाल्यांच्या करामती तशा म्हणता येत नाहीत, माझ्या तर नाहीतच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिने कमोडोर्स या नवख्या बँडसाठी गाणी रचली. तोच पुढे लायनेल रिचीमुळे जगभर पोचलेला बँड. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला तिच्यात रस होता, पण त्यांना गाण्यांचे प्रकाशनहक्क हवे होते. तिने नकार दिला आणि गाणी परत घेतली. हा नकार किती मोठा होता हे समजायला त्या वेळचा दर बघा. अमेरिकेत १९७७ पर्यंत विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे गाण्याच्या हक्कधारकाला कायद्याने ठरलेले २ सेंट मिळत. रक्कम चिल्लर वाटते, पण लाखांत खप झाला की तीच मिळकत, आणि मोटाउनसारख्या ठिकाणी ती कंपनीच्या खिशात जायची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, एकही हिट नावावर नसलेली कृष्णवर्णीय बाई तेव्हाच्या सर्वांत यशस्वी कृष्णवर्णीय कंपनीला 'नाही' म्हणते. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ उजाडावं लागलं. स्टुडिओत एकरकमी पैशावर सही करून बाहेर पडलेल्या आम्हा मंडळींना त्या नकाराची किंमत नीट कळते.

परत घेतलेल्या गाण्यांपैकी काही तिच्या १९७३ च्या पहिल्या अल्बमवर आली. अल्बमचं नाव नुसतंच 'बेटी डेव्हिस'. वुडस्टॉक हा गाजलेला रॉक महोत्सव भरवणाऱ्यांपैकी एक मायकेल लँग, त्याच्या छोट्या जस्ट सनशाइन कंपनीने तो काढला. निर्माता ग्रेग एरिको, म्हणजे स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा ड्रमर. बहुतेक गाण्यांत बेसवर त्याच बँडचा लॅरी ग्रॅहम. सँटानाच्या बँडमधला नील शॉन गिटारवर, टॉवर ऑफ पॉवर या बँडचे ब्रासवाले, आणि कोरसला पॉइंटर सिस्टर्स व सिल्व्हेस्टर, ज्यांची नावं तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

ग्रॅहमबद्दल थोडं विषय सोडून बोलतो, बेसवाल्याला तेवढी मुभा द्या. पोरवयात तो आईच्या बँडमध्ये वाजवायचा आणि त्या बँडला ड्रमर नव्हता. म्हणून त्याने अंगठ्याने जाड तार ठोकून मोठ्या ढोलाचं काम केलं आणि बोटाने बारीक तार ओढून सोडत स्नेअर या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमचं. आज ज्याला आम्ही स्लॅप म्हणतो ते या अडचणीतून आलं. १९९० च्या आसपास इथे कोणी स्लॅप वाजवला की ऑर्केस्ट्राचा चालक हमखास म्हणायचा, "अरे, तार तुटेल."

तर 'अ‍ॅण्टी लव्ह साँग' हे गाणं लावा. हेडफोन घालून. लय संथ आहे, आणि सुरुवातीला तुम्हाला वाटेल की कोणीतरी वाजवायचं विसरलंय. बेस एक वाक्य बोलतो आणि गप्प बसतो. त्या शांततेत बेटी येते, जवळजवळ कुजबुजत. मला तुझ्यावर प्रेम करायचं नाही, कारण तू कसा आहेस ते मला माहीत आहे, असं काहीसं. इथवर ऐकून ती बिचारी भाजलेली आहे असं वाटतं. मग गाणं कूस बदलतं: मी तुझ्यासाठी जितकी वेडी होईन त्याहून जास्त तू माझ्यासाठी होशील, हे तुलाही ठाऊक आहे. धमकीच ती. पण आवाज चढत नाही, घशात खाली उतरतो, गुरगुरतो. बेसच्या दोन वाक्यांमधल्या जागेत ती बसते आणि पुढचं वाक्य यायच्या आत उठते. गोड, लांबवलेला सूर तिथे लावला असता तर त्याने बेसची पुढची जागा खाल्ली असती. ज्याला तुम्ही चिरकं म्हणता तो आवाज तोडून वाजवलेल्या गिटारीसारखा वापरलाय: येतो, कापतो, जातो.

तिचे सगळेच प्रयोग साधलेत असं नाही. काही ठिकाणी ती पहिल्या सेकंदापासून इतकी वर असते की पुढे जायला पायरीच उरत नाही, आणि अल्बम सलग ऐकला तर कान थकतात.

आता 'आद्य' हा शब्द. तो जपून वापरायला हवा. तिच्याआधी जेम्स ब्राउनच्या ताफ्यात मार्व्हा व्हिटनी, व्हिकी अँडरसन, लिन कॉलिन्स या बायका फंक गात होत्या, आणि गळ्याने बेटीपेक्षा कितीतरी दणकट होत्या. पण लिन कॉलिन्सचं १९७२ चं गाजलेलं 'थिंक' घ्या: लिहिलं ब्राउनने, निर्मिती ब्राउनची. १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं लाबेलचं 'लेडी मार्मलेड' घ्या: धीट बाईचं गाणं, पण लिहिणारे दोघेही पुरुष. आपल्याकडे लावणीचं काय होतं? 'मी' म्हणणारी बाई, रंगमंचावर बाई, आणि शब्द राम जोशींचे, होनाजीचे, पठ्ठे बापूरावांचे. बाईच्या इच्छेबद्दल बाईच्या तोंडून पुरुषाने लिहिलेलं समाज ऐकून घेतो, त्यावर फेटेही उडवतो. बेटीने गाणी स्वतः लिहिली, वाद्यमेळ स्वतः सांगितला, आणि १९७४ च्या 'दे से आय'म डिफरंट' या दुसऱ्या अल्बमची निर्मितीही स्वतःच केली. फंकमध्ये या तिन्ही खुर्च्यांवर एकटीने बसलेली तिच्याआधीची दुसरी बाई मला माहीत नाही. आद्य म्हणायचं ते या अर्थाने.

याची किंमत लगेच चुकवावी लागली. पहिल्या अल्बममधलं 'इफ आय'म इन लक आय माइट गेट पिक्ड अप' हे गाणं बारमध्ये गेलेल्या बाईबद्दल आहे. कोणी आपल्याला सोबत न्यावं, हे ती लाजत नाही, मजेत सांगते. चर्चवाले खवळले ते एक वेळ समजू शकतं. पण एन-डबल-ए-सी-पी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी जुनी संस्थाही विरोधात गेली, गाणं रेडिओवर लावू नये अशी मागणी झाली. समाजाची प्रतिमा मलिन होते, हे कारण. गाणं 'बिलबोर्ड' मासिकाच्या आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत ६६ व्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. तिचा यादीतला सर्वांत वरचा क्रमांक तोच. दुसऱ्या अल्बममधल्या 'ही वॉज अ बिग फ्रीक'चं तर विचारूच नका. त्यातला पुरुष माइल्स की हेंड्रिक्स यावर लोक अजून वाद घालतात आणि त्या नादात गाण्यातला बेस कोणी ऐकतच नाही.

१९७५ मध्ये आयलंड या मोठ्या कंपनीने 'नॅस्टी गॅल' काढला. या वेळी मागे नावाजलेले वादक नव्हते. 'फंक हाउस' हा तिचा स्वतःचा बँड होता, नॉर्थ कॅरोलायनातली नात्यागोत्यातली पोरं. आणि मला विचाराल तर सर्वांत घट्ट वाजवलंय त्यांनीच. दिग्गज वादक गाण्यात आपली सही करून जातो, पण या पोरांनी तिने गुणगुणलेलं इमानाने वाजवलं, आणि वर्षभर तिच्यासोबत फिरून तालीम इतकी पक्की झाली होती की चारही जण एकाच फुप्फुसाने श्वास घेतात. त्याच अल्बमवर 'यू अँड आय' नावाचं एक हळवं गाणं आहे, माइल्सबरोबर रचलेलं, वाद्यमेळ गिल इव्हान्सचा. तिला मऊ गाता येत होतं की नाही ते तिथे तपासा.

अल्बम चालला नाही. १९७६ मध्ये लुइझियानातल्या बोगालुसा गावच्या स्टुडिओत पुढचा अल्बम पुरा झाला, पण कंपनीशी बिनसलं आणि तो डब्यात गेला. तो लोकांनी ऐकला २००९ मध्ये. १९७९ च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये आणखी एक प्रयत्न झाला, तोही तेव्हा रीतसर बाहेर आला नाही. वडील गेले, ती होमस्टेडकडे परतली आणि तीसेक वर्षं संगीतातून जवळजवळ पुसली गेली. दरम्यान इतरांनी तिच्या जिवावर बरंच काही उभारलं. हिपहॉपवाल्यांनी तुकडे उचलले. २००६ मध्ये अमेरिकेत 'नॅस्टी गॅल' नावाचं कपड्यांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं, नाव थेट तिच्या अल्बमवरून, आणि काही वर्षांत त्याची उलाढाल कोट्यवधी डॉलरमध्ये गेली.

२००७ मध्ये सिअ‍ॅटलच्या लाइट इन द अ‍ॅटिक कंपनीने पहिले दोन अल्बम नव्याने काढले तेव्हा ती पुन्हा सापडली. मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते त्याच सीडीवर. मुंबईच्या एका ड्रमर मित्राने दिली होती, "तुझा ग्रॅहम आहे यात" एवढंच सांगून. मी महिनाभर फक्त ग्रॅहमच ऐकला. बाई नंतर ऐकू आली, तुमच्यासारखीच थोडी टोचली, आणि मग एक दिवस बेसची ओळ शिकवताना लक्षात आलं की मी मुलाला ती वाजवून दाखवत नाहीये, तोंडाने म्हणून दाखवतोय.

कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर 'अ‍ॅण्टी लव्ह साँग', मग 'दे से आय'म डिफरंट', मग 'नॅस्टी गॅल' अख्खा. कोलंबियाचं ध्वनिमुद्रण शेवटी, म्हणजे काय चुकलं होतं ते कळेल. शब्दांकडे दुसऱ्या फेरीत जा. पहिल्या फेरीत पायाने सम धरा आणि ती समेच्या किती आधी तोंड मिटते ते मोजा.

२०१९ मध्ये, तब्बल ४० वर्षांनी, तिचं नवं गाणं आलं: 'अ लिटल बिट हॉट टुनाइट'. तेव्हा ती पंचाहत्तरीत होती, पुढे तीन वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२२ ला, होमस्टेडमध्येच गेली. ते गाणं तिने लिहिलं, चाल तिची. गायला मात्र ती माइकपुढे गेली नाही. तिची मैत्रीण आणि संगीताची अभ्यासक डॅनिएल मॅजिओ हिच्याकडून तिने ते गाऊन घेतलं.